धूर नसलेल्या अग्नीचा दोष

कापूर जळून मागे काहीच उरत नाही, म्हणून भाविक त्याला समर्पणाची खूण मानतात. (आरतीच्या ताटाची काजळी घासणाऱ्याचे मत वेगळे असू शकेल.) शहाडच्या बिर्ला मंदिरातल्या विठ्ठल-रुक्मिणीपासून सेंच्युरी रेयॉन कारखान्याच्या चिमण्या फार दूर नाहीत; त्यामुळे इथे अग्नीचा दोष म्हटला की आधी धूरच डोळ्यांपुढे येतो. नैसर्गिक वायूच्या निळ्या ज्वाळेला मात्र धूर नाही की राख नाही. मग ती निर्दोष मानायची का? उरणच्या वायू विद्युत केंद्रात 1982 पासून हाच वायू जळतो आहे. अशा चिमणीतून नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडतात, पण ते वायूतल्या मळातून आलेले नसतात. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ज्वाळा साधारण 1500 अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की तो ऑक्सिजनशी जोडला जातो, आणि ताप चढेल तसे हे प्रमाण झपाट्याने वाढते. दोष पदार्थात नाही, तापात आहे. आपला सोवळ्याओवळ्याचा विचार पदार्थाच्या शुद्धाशुद्धतेवर बेतलेला. या दोषाला त्यात जागाच नाही.

कोणी गीतेचा अठरावा अध्याय पुढे करील: धुराने अग्नी वेढावा तसे प्रत्येक कर्म दोषाने वेढलेले असते, मग एवढी चिकित्सा कशाला? पण तो श्लोक कर्म सोडू नको म्हणतो. दोष कमी करू नको, असे म्हणत नाही. जुन्या बर्नरमध्ये वायू आणि हवा ज्वाळेतच एकमेकांना भेटतात आणि मधेमधे अतितप्त जागा तयार होतात. नव्या पद्धतीत वायू भरपूर हवेत आधी एकजीव करून मग पेटवतात, त्यामुळे ज्वाळा सगळीकडे सारखी आणि थोडी निवलेली राहते. फार निवली तर ती डगमगते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. चिमणीआधी अमोनिया सोडून नायट्रोजन ऑक्साइड मोडता येतात, पण थोडा अमोनिया निसटतोच. उपायालाही दोष आहे, इथवर गीता खरी. म्हणूनच कोणता दोष किती पत्करायचा, हे ठरवणे कर्त्याला टळत नाही.

कोळशापेक्षा वायू बरा, हेही खरे. मात्र शेजाऱ्याचे कर्ज मोठे म्हणून आपले फिटत नाही. 1998 च्या केंद्रीय अधिसूचनेने 400 मेगावॉट व त्यावरील नव्या वायू केंद्रांना नायट्रोजन ऑक्साइडसाठी 50 पीपीएमची (दहा लाख भागांत 50 भाग) मर्यादा घातली, जुन्यांना 150 ची. वायू तोच, श्वास घेणारी छातीही तीच. उभारणीच्या वेळी तंत्र हाताशी नव्हते, ही सबब उभारणीपुरती चालेल; पुढचे रोजचे जाळणे हे रोजचे नवे कर्म आहे. टर्बाइन देखभालीसाठी अधूनमधून उघडावे लागतेच. बर्नर बदलायचा की नाही, हे तेव्हा नव्याने विचारायला हवे.