प्रतिष्ठा आणि प्रथिन

लालबाग-परळच्या कार्यशाळांत घडलेली गणेशमूर्ती प्राणप्रतिष्ठेनंतर हलवली जात नाही आणि उत्तरपूजेत अक्षता वाहून ती किंचित सरकवली की देवत्वाने निरोप घेतला असे मानतात; म्हणजे सान्निध्यासाठी तेथे स्थैर्याची अट आहे. प्रथिन-मायक्रोअरे, अर्थात काचपट्टीवर हजारो प्रथिनांचे सूक्ष्म ठिपके बसवून त्यांना काय चिकटते हे पाहण्याची पद्धत, या अटीची दुसरी बाजू दाखवते. २००० साली संशोधक मॅकबीथ व श्रायबर यांनी अल्डिहाइडचा लेप दिलेल्या काचेवर प्रथिने बांधली. अशा काचेवर प्रथिन अनेक बाजूंनी पकडले जाते, आणि पकड नेमकी त्याच्या बंधनस्थळावर बसली, तर ते जागेवर असूनही निष्क्रिय ठरते. जागेवर असणे आणि कार्यरत असणे यांतला हा फरक भारतीय दर्शनांच्या भाषेत मांडता येतो: न्याय-वैशेषिकांनी विलग होऊ शकणाऱ्या जोडणीला संयोग आणि अविभाज्य संबंधाला समवाय म्हटले. काचेला घट्ट जडलेले प्रथिनही संयोगातच गणले पाहिजे, कारण त्याचे कार्य काचेवर नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या घडीवर अवलंबून असते.