बघायची जागा

बालीतल्या पेनेलोकान या गावाच्या नावाचा अर्थच ‘बघायची जागा’ असा आहे, हे आमच्या ड्रायव्हरने सांगितलं तेव्हा मला गंमत वाटली. महाबळेश्वरच्या पॉइंटांना आपण अजून साहेबांच्या नावाने हाक मारतो. इथे सरळ कामाचं नाव.

उबुदहून भाड्याच्या गाडीने आम्ही तिघी मैत्रिणी चढत चढत त्या काठावर पोचलो आणि समोर बातूर ज्वालामुखी उभा होता. उंची १,७१७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जराशी जास्त. आपण उभे असतो तो काठ एका जुन्या, अवाढव्य ज्वालामुखीच्या खचलेल्या तोंडाचा आहे. त्या खोलगट भांड्यात एकीकडे तळं, मधोमध बातूरचा शंकू आणि त्याच्या उतारावरून पसरलेले काळेकुट्ट पट्टे, कोणीतरी डांबराचं पिंप उपडं करावं तसे. काठावर ओळीने कॅफे. आम्ही कॉफी मागवली आणि कप, डोंगर व तिघींचे चेहरे एका फ्रेममध्ये यावेत म्हणून पंधरा मिनिटं घालवली. कॉफी गार झाली.

ड्रायव्हर शेजारी उभा होता. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “तो काळा भाग दिसतोय ना? आमचं जुनं गाव त्याच्या खाली आहे.” ‘आमची सोसायटी पेट्रोलपंपामागे आहे’ हे आपण ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात.

१९१७ साली लाव्हा बातूर गावाच्या देवळाच्या दारापर्यंत येऊन थांबला. लोकांनी तो शुभशकुन मानला आणि तिथेच राहिले. १९२६ साली लाव्हा पुन्हा आला, तो मात्र थांबला नाही. गाव गेलं. लोक देवांना घेऊन वर काठावर आले आणि तिथे नवं देऊळ बांधलं. म्हणजे आज ज्या काठावर पर्यटक कॉफी पितात, त्याच काठावर ही माणसं सगळं खाली सोडून आली होती.

मी फोटो आधीच टाकला होता. वर लिहिलं होतं, ‘असा व्ह्यू असेल तर कोण घरी जाईल!’

ते वाक्य मी खोडलं, आणि मग स्वतःचाच राग आला. खोडून काय होणार होतं? डोंगर तर सुंदरच होता. गाव गाडलं गेलंय म्हणून तो कुरूप होत नाही. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग काय, बघायचंच नाही का? अशाने तू रायगडही बघू शकणार नाहीस.” तिचं चूक नव्हतं. कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० सालच्या ग्रंथात हेच मांडलं आहे: ज्वालामुखी, वादळं, अंगावर येणारे कडे जितके भयंकर तितके मोहक वाटतात, अट एवढीच, की बघणारा सुरक्षित जागी हवा. (हा माणूस जन्मभर आपल्या गावाच्या आसपासच राहिला. ज्वालामुखी त्याने कधी पाहिला नव्हता. एका अर्थी सगळ्यात सुरक्षित जागा त्याचीच.) व्ह्यू पॉइंट म्हणजे ही अट पाळून बांधलेली जागा. रेलिंग, पार्किंग, कॉफी.

पण मला खुपत होतं ते बालीतलं नव्हतंच. ते घरचं होतं.

३० जुलै २०१४ला सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर उतरला. दीडशेहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा अकरावीत होते. टीव्हीवर चिखल पाहिला, रडलेही असेन. दोन वर्षांनी कॉलेजच्या ग्रुपबरोबर पावसात भीमाशंकरला निघालो. डिंभे धरणाच्या पाण्यापाशी गाडी थांबवली, मक्याची कणसं खाल्ली, धुक्यातल्या हिरव्या डोंगरांचे ढीगभर फोटो काढले. माळीण तिथून त्याच बाजूला, फार लांब नाही, हे घरी आल्यावर नकाशा पाहताना कळलं. त्या फोटोंना भरपूर लाइक्स मिळाले होते.

तो डोंगरही मुळात ज्वालामुखीचाच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरांवर थर पसरला, त्यातून आपलं दख्खन झालं. सिंहगडाच्या कड्यांत ते थर पायऱ्यांसारखे दिसतात. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा पायरी अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर याच काळ्या दगडात कोरलेलं आहे. आपल्याकडे शंकू नाही, त्यामुळे ज्वालामुखी ‘बघायला’ पुणेकर विमानाने जातो. खडक कुजून उतारावर माती साचते, तिच्यावर धो धो पाऊस पडतो, आणि कधीतरी ती निसटते.

माळीणच्या बातम्यांमधली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. गाव गेल्याचं बाहेर कळलं ते एसटीच्या एका ड्रायव्हरमुळे. तो नेहमीच्या फेरीवर आला आणि त्याला गाव दिसेना. त्याने मागे जाऊन खबर दिली.

त्या सकाळी तिथून आमची गाडी गेली असती तर? आम्हाला काय दिसलं असतं? पाऊस, धुकं, एक उघडा पडलेला तांबडा उतार. कदाचित मी त्याचाही फोटो काढला असता. तिथे काहीतरी असायला हवं होतं, हे कळायला ते आधी रोज पाहिलेलं असावं लागतं. त्यालाही तो रस्ता, ती हिरवळ सुंदर वाटत असेल, का नाही वाटणार? बातूरच्या आमच्या ड्रायव्हरनेही निघताना स्वतःच्या मोबाइलवर डोंगराचा एक फोटो काढला होता. मी विचारलं, “तुम्ही तर रोज बघता ना?” तो म्हणाला, “म्हणूनच.” मला तेव्हा वाटलं, त्याचं इंग्रजी अडलं.

म्हणजे बघण्यात पाप नाही हे मैत्रिणीचं म्हणणं मी मान्य करते. पण एकदाच येऊन बघणाऱ्याचं बघणं थोडं फुकटचं असतं, हेही खरंच. त्याचं त्यात काहीच अडकलेलं नसतं. आणि मग सगळीकडे रोज तर जाता येत नाही, हेही आलंच. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

परतल्यावर एका रविवारी बाबांबरोबर वेताळ टेकडीवर गेले. ते चाळीस वर्षं तिथे फिरायला जातात. मी महिन्यातून एकदा, तेही रील काढण्यापुरती. वरच्या जुन्या खाणीपाशी थांबलो. पाणी भरलेलं, मोर ओरडत होता. याच पाण्याचा फोटो माझ्या प्रोफाइलवर वर्षभर होता. ही खाण आहे, म्हणजे इथला डोंगर कोणीतरी काढून नेलाय, हे मला माहीत होतं आणि एकदाही दिसलं नव्हतं. मी विचारलं, “बाबा, इथून दगड कुठे गेला?”

“अगं, घरांत गेला,” असं म्हणून ते पुढे कठड्यापर्यंत गेले आणि हात लांब करून दाखवू लागले. “तो उतार दिसतोय? पलीकडचे दिवे? ते नव्हते. त्याच्या डावीकडचेही नव्हते. आणि तिकडे एक ओढा होता बघ.”

मी बघत होते. मला दिवेच दिसत होते.