शिवेवरचे साक्षीदार

जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्याचे नियम 2008 साली आले. त्यातला तेरावा नियम पुराव्यांचा. गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे ही नेहमीची मंडळी त्यात आहेतच. पण त्यांच्याच रांगेत घर, झोपडी, विहीर, दफनभूमी आणि पवित्र स्थाने बसवलेली आहेत. शिवाय दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवून घेतलेला जबाबही चालतो. थोडक्यात, म्हाताऱ्याची आठवण, त्याच्या पूर्वजांची माती आणि गावचा देव असे तिघेही सरकारदरबारी साक्षीदार ठरले.

आता प्रश्न असा की, देवाला साक्षीला बोलावले म्हणजे सरकारने देव मानला का? आणि म्हाताऱ्याला आठवते म्हणून ते खरे धरायचे, याला काही तात्त्विक आधार आहे, की कागद नाही म्हणून काढलेली ही पळवाट आहे?

आरमोरीकडे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. वैनगंगेच्या डाव्या काठावरचे हे तालुक्याचे गाव. नदीकडे धानाची बांधी, पूर्वेकडे जंगल. ढिवर समाज नदीत आणि तलावात मासे धरतो, ऐनाच्या झाडांवर कोसा पिकवतो. गोंड, माना, ढिवर, कुणबी, कोष्टी सगळ्यांचे पाय कधी ना कधी जंगलाकडे वळतात. मोहफूल, तेंदूपान, सरपण, बांबू यांशिवाय वर्ष निभत नाही. आपले आजे-पणजे कुठवर जात होते, हे सांगता येणे यावर इथल्या माणसाचा हक्क उभा असतो.

भारतीय तर्कशास्त्राला विचारले तर पहिले उत्तर निराशेचे येते. नैयायिक चार प्रमाणे, म्हणजे खऱ्या ज्ञानाची साधने, मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यात स्मृती नाही. आठवण ही पूर्वी घेतलेल्या अनुभवाच्या संस्कारातून उगवते, ती नवे काही सांगत नाही, म्हणून तिला प्रमेचा, म्हणजे यथार्थ ज्ञानाचा, दर्जा नाही, असा त्यांचा युक्तिवाद. जैन तार्किकांनी मात्र हे नाकारले. त्यांनी परोक्ष, म्हणजे अप्रत्यक्ष, प्रमाणांच्या यादीत स्मृतीला सरळ जागा दिली, कारण आठवणच अविश्वसनीय ठरवली तर धूर पाहून अग्नीचे अनुमानही करता येणार नाही; धूर आणि अग्नी पूर्वी एकत्र पाहिले होते हे आठवावे लागतेच. दिल्लीत नियमांचा मसुदा करणाऱ्यांनी हा वाद वाचला असण्याची शक्यता कमी, पण त्यांचा कौल जैनांच्या बाजूने पडला आहे.

धर्मशास्त्राने तर व्यवहारापुरता हा प्रश्न कधीच निकालात काढला होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवेच्या भांडणाचे प्रकरण आहे. शिवेखाली दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या अशा सहज न कुजणाऱ्या वस्तू पुरून ठेवाव्यात; वाद झाला तर साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, तांबड्या माळा आणि वस्त्रे घालून, आपल्या पुण्याची शपथ वाहून शीव दाखवावी. साक्षीदार मिळेनात तर कोणाला विचारावे, याचीही यादी आहे. पारधी, पाखरे धरणारे, गुराखी, कोळी-ढिवर, कंदमुळे खणणारे, साप धरणारे आणि इतर वनचर. एरवी ज्यांना हा ग्रंथ उंबऱ्याच्या आत घेत नाही, त्यांनाच तो शिवेवर बोलावतो. जमीन पायांनी कोणाला ठाऊक असते, हे ग्रंथकर्त्याला पक्के माहीत होते. ते ज्ञान मान्य करायचे आणि माणसाला मात्र मान द्यायचा नाही, ही आपली जुनीच खोड.

इंग्लंडमध्येही नकाशे येण्यापूर्वी शीव माणसांच्या अंगात जपली जाई. स्वर्गारोहणाच्या सणाच्या आधीच्या दिवसांत चर्चचा पाद्री, गावकरी आणि पोरेसोरे आपल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या अखत्यारीतल्या गावाच्या, हद्दीवरून मिरवणुकीने फिरत. जागोजागी प्रार्थना होई, पिकाला आशीर्वाद मागितला जाई. आणि हद्दीच्या दगडापाशी पोरांना धरून त्या दगडावर आपटत, विलोच्या फोकाने फटके देत, कधी खंदकात ढकलत. पोरगा सत्तर वर्षांचा झाला तरी ती जागा विसरू नये म्हणून. नंतर खाऊ किंवा पैसेही देत. कवी आणि पाद्री असलेल्या जॉर्ज हर्बर्टचे खेड्यातल्या पाद्र्याची कर्तव्ये सांगणारे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1652 साली छापले गेले. त्यात त्याने या फेरीचे लाभ मांडले आहेत: पिकावर देवाची कृपा, हद्दीबाबत न्याय, एकत्र चालताना भांडणे मिटणे आणि गरिबांना दानधर्म. देव, जमीन, शेजार आणि गरीब असे चारही विषय एकाच पायपिटीत उरकत. ऑक्सफर्डमधल्या सेंट मायकेल चर्चची मंडळी आजही ही फेरी काढतात. हद्दीची एक खूण आता मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानात येते, म्हणून हातात काठ्या घेतलेली ही दिंडी कपड्यांच्या दुकानात शिरते.

इंग्लंडच्या चर्चमध्ये दुसरीही गोष्ट झाली. 1538 साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. आज इंग्लंडच्या कुठल्याही खेड्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस आधी या वह्या उघडतो. फिरणारी मिरवणूक आणि वही, दोन्ही धर्माचीच देणगी. पण त्या दोघींत वही जिंकली. सामायिक कुरणे आणि माळ खाजगी कुंपणात घालणारे पाच हजारांवर कायदे 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेने केले. ज्यांच्यापाशी कागद होता त्यांना वाटा मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गाय चारणाऱ्या, सरपण गोळा करणाऱ्या अनेक झोपडीवाल्यांपाशी नुसती आठवण होती. त्यांच्या हाती काही लागले नाही.

हीच वहीची सवय घेऊन इंग्रज अधिकारी चांदा जिल्ह्यात आले; आरमोरी तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. मेजर ल्युसी स्मिथने 1869 साली जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल लिहिला. जमाबंदीत गावोगावच्या रूढी वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात उतरल्या: लाकूड कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची, तलावाचे पाणी कोणी आधी घ्यायचे. या रूढी अधिकाऱ्यांनी शोधून काढल्या नव्हत्या, त्या त्यांना गावकऱ्यांनी सांगितल्या होत्या. म्हणजे ज्याला आज आपण अस्सल सरकारी कागद म्हणून मान देतो, तो मुळात म्हाताऱ्यांचा जबाबच आहे, फक्त दीडशे वर्षे जुना. आणि त्यातही बहुतेक मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या जमीनदाराच्या, ओसरीवर बसलेल्यांचा.

त्याच अहवालात चांद्याच्या गोंड राजांची यादी आहे. भीम बल्लाळसिंहापासून नीळकंठशाहापर्यंत, इसवी सन 870 ते 1751, राजे 19. भागाकार केला तर दर राजाच्या वाट्याला सेहेचाळीस वर्षे येतात. एवढे दीर्घायुषी राजघराणे जगात दुसरे सापडायचे नाही, आणि पुढच्या अभ्यासकांनी ही कालगणना ताणलेली आहे असेच म्हटले. आरमोरी तालुक्यातल्या वैरागडची कथा तर त्याहून लांब जाते. हे नगर द्वापारयुगात वैरोचन राजाने वसवले, असे सांगतात. कालगणना म्हणून दोन्ही कथा टिकत नाहीत. पण वैरागडचा गोंडकालीन किल्ला आहे तिथेच आहे, भंडारेश्वराचे देऊळ आहे तिथेच आहे, आणि वैरागडला हिऱ्याची खाण असल्याची नोंद अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनेही केली आहे.

इथे एक निरीक्षण नोंदवण्यासारखे आहे. लोकांची आठवण काळाच्या बाबतीत बेफिकीर असते, जागेच्या बाबतीत चिवट. वैनगंगेच्या पलीकडे नागभीड तालुक्यात देवटेक येथे एक शिळा मिळाली. तिच्यावर दोन लेख आहेत. एकात प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास बंदी आहे, इतिहासकार वा. वि. मिराशींच्या मते तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा, म्हणजे धर्मखात्याच्या अधिकाऱ्याचा. दुसरा वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा, म्हणजे पाच-सहा शतकांनंतरचा. राजवट बदलली, धर्म बदलला, एकाच दगडावर नवा मजकूर आला. पण दोन्ही लेखांत गावाचे जे नाव आहे, त्याची ओळख मिराशींनी देवटेकजवळच्या चिकमारा या आजच्या खेड्याशी पटवली. अशोक कोण हे चिकमाऱ्याला ठाऊक असायचे कारण नव्हते. नाव मात्र सव्वादोन हजार वर्षे तोंडी चालत राहिले.

आठवण तपासायची कशी, याचे सर्वांत कडक उदाहरण मराठीतच आहे, आणि तेही एका धर्मपंथाने घालून दिलेले. त्या पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटाने नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली स्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या. ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याच्याकडे जाऊन विचारायचे, हा त्याचा रिवाज. दोन जणांची आठवण जुळली नाही तर एकीला खोटे न ठरवता दुसरा पाठ सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवायचा. पुढे परचक्रात मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी पुन्हा आठवणीतून ती उभी केली, तेव्हाही पाठभेद लपवले गेले नाहीत. चौदाव्या शतकातली स्थानपोथी तर निव्वळ स्थानिक इतिहास आहे: कुठल्या गावी कुठले देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, स्वामी कुठे बसले. त्या जागांवर ओटे बांधले गेले. देवदेवतांच्या पूजेला नकार देणाऱ्या पंथाने जागेला वंदन करणे साधनेत बसवले, आणि जागा बरोबर असणे हीच भक्तीची अट ठेवली. वैनगंगेच्याच वरच्या अंगाला असलेल्या भंडाऱ्याचा नीळभट्ट हा या मंडळींपैकी एक. ‘भावना दुखावतील’ म्हणून तपास टाळणाऱ्या आजच्या धार्मिकांना हा पंथ अडचणीचा वाटेल.

गोंडांच्या परंपरेत वही नाही, पण शिस्त तीच. कोण चार देवांचे, कोण पाच, कोण सहा, कोण सात, हे माहीत असल्याशिवाय सोयरीक जुळत नाही. देवांची संख्या सारखी असलेल्या कुळांत लग्न होत नाही. कुळाच्या कथा आणि वंश त्यांचा भाट, परधान, वाद्यावर गाऊन सांगतो. माडिया मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. तिथे पूर्वज जमिनीतून नाहीसा होत नाही, गावातच वेगळ्या रूपाने राहतो. तेराव्या नियमाने ‘दफनभूमी’ हा शब्द लिहिला, तेव्हा त्याने नकळत या समजुतीला जागा दिली: मेलेल्यांचाही गावात वाटा असतो.

अडचण येते ती आरमोरीच्या ढिवरांसारख्यांची. ते अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, म्हणून कायद्याने ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’. त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, इथले रहिवासी असल्याचे दाखवावे लागते. हिशेब 1930 वर जातो. तो काळ डोळ्यांनी पाहिलेला आणि आठवत असलेला माणूस आता जवळजवळ नाहीच. पण खेड्यातली म्हातारी सन सांगत नाही, ती घटना सांगते. ‘मानमोडीच्या साथीत माझी आजी गेली, तिची माती त्या आंब्याखाली केली,’ असे एखादीने सांगितले तर ते ऐकीव म्हणून टाकून द्यायचे कारण नाही. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. तारीख जगाच्या इतिहासातून मिळते, जागा म्हातारीकडून. दोन्ही जोडली की 1930 मागे पडते.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो खोटा नाही. देव साक्षीला आला की उद्या कोणीही शेंदूर फासून जागा बळकावील. शहरांच्या फूटपाथवर हे रोज घडते. उत्तर असे की, देव खरा की खोटा हे कोणी ठरवायचे नसते, तो तिथे कधीपासून आणि कोणाच्या येण्याजाण्यात आहे, एवढेच तपासायचे असते. नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या प्रकरणात 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच केले. त्या डोंगराचा देव नियमराजा आहे का, हे न्यायमूर्तींनी ठरवले नाही. त्या डोंगरावरचा धार्मिक हक्क ग्रामसभांनी विचारात घ्यावा, असे सांगितले. विचारल्या गेलेल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचा ठाकूरदेव सत्तर गावांच्या इलाक्याचा, तिथे दरवर्षी यात्रा भरते. त्या पहाडावर मात्र लोहखनिजाचे काम सुरू आहे. साक्षीदार तोच, पण त्याला विचारण्याची पद्धत सगळीकडे सारखी नाही.

म्हणून आरमोरीच्या बाजूच्या वनहक्क समित्यांना एक सांगणे. नियमाप्रमाणे एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावे लागतात, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर अमुकच कागद आणा, असा हट्ट कोणत्याही समितीला धरता येत नाही. तेव्हा म्हाताऱ्या माणसांचे जबाब या उन्हाळ्यातच उतरवून घ्या, ओसरीवर नाही, त्या जागेवर नेऊन. बायकांचे जबाब वेगळे घ्या; मोहाचे कोणते झाड कोणाचे, हे त्यांनाच ठाऊक असते. दोन जबाब जुळले नाहीत तर म्हाइंभटासारखे दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासह.