दोघांची भिंत

नव्या घराचा ताबा मिळतो, रंगारी शेडकार्ड उघडून समोर ठेवतो, आणि इतकी वर्षं सुखाने संसार केलेल्या जोडप्याच्या लक्षात येतं की आपल्या दोघांच्या डोळ्यांपुढचं घर एक नाही. तिला एक तरी भिंत गडद निळी हवी असते. त्याला सगळं पांढरं हवं असतं. थोडी बोलाचाली होते, थोडा अबोला होतो आणि शेवटी दोघं क्रीम रंगावर येऊन थांबतात. क्रीम दोघांपैकी कुणीच मागितलेला नसतो. आपल्याकडच्या कितीतरी बैठकीच्या खोल्या अशा क्रीम झालेल्या आहेत आणि आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो. मला तो समजूतदारपणा वाटत नाही. दोघांनी आपापली आवड मागे घेतली, एवढंच तिथे घडलेलं असतं.

खरं तर आवड इतकी वरवरची नसते. गिरणगावातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसांत वाढलेला मुलगा आठवा. रात्री अंथरुणं पसरायची, पहाटे वळकट्या करून कोपऱ्यात रचायच्या, अभ्यासाला बसायचं तर ट्रंक सरकवून जागा करायची. त्याला मोकळी जमीन आणि रिकामी भिंत दिसली की श्वास घ्यायला जागा मिळते. त्याची बायको कोल्हापूरकडच्या एखाद्या वाड्यातली. फडताळात घासूनपुसून लावलेले पितळेचे डबे, माजघरात झोपाळा, भिंतीवर मळवलीच्या छापखान्यातून आलेल्या रविवर्म्याच्या तसबिरी. तिला रिकामी भिंत बघितली की कुणीतरी सामान उचलून निघून गेल्यासारखं वाटतं. तो ‘पसारा’ म्हणतो तेव्हा त्याला ती गर्दीची खोली आठवत असते, ती ‘ओकंबोकं’ म्हणते तेव्हा तिला आजी आठवत असते. दोघंही पडद्याच्या कापडावर वाद घालतात आणि हे एकमेकांना सांगायचं राहून जातं.

आपल्या समाजात हा प्रश्न एके काळी उठतच नसे, कारण एका माणसाची आवड विचारात घेतलीच जात नव्हती. मुलीची आवड लग्नाच्या दिवशी रुखवतात मांडली जायची: क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, भरतकामाच्या चौकटी. पाहुणे तोंडभर कौतुक करायचे. सासरी मात्र घर आधीच मांडलेलं असायचं, आणि महिन्याभरात ते सगळं माळ्यावर किंवा ट्रंकेत जायचं. कित्येक बायकांनी स्वतःच्या हाताने विणलेली वस्तू भिंतीवर लावली ती सासूबाईंच्या पश्चातच. ही साधी गोष्ट नव्हती.

आता करारनाम्यावर दोघांची नावं असतात, गृहकर्जाचे हप्ते दोघांच्या पगारातून जातात. पण एक नवी सवय लागली आहे. ‘घर तिचंच, तिला हवं तसं लावू दे’ असं म्हणून नवरा बाजूला होतो. ऐकायला हे उदार वाटतं. प्रत्यक्षात तो निवडीची सगळी दगदग तिच्यावर टाकतो, आणि पुढे स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरतो. उलटही होतं, त्याला टीव्हीचं युनिट कसं हवं ते पक्कं माहीत असतं आणि ती ‘तुझं तू बघ’ म्हणून स्वयंपाकघरापुरती उरते. दोन्ही ठिकाणी घरातलं एक माणूस कमी होतं.

आवडीबरोबर कष्टही येतात, हे आधी बोलून घ्यावं. पितळेची समई, घंगाळ, तांब्या बैठकीच्या खोलीत फार सुरेख दिसतात. पावसाळ्यात ते काळवंडतात आणि मग चिंच लावून घासावे लागतात. ज्याला ते हवेत त्याने ते घासावेत. एकाची हौस आणि दुसऱ्याचे हात, किंवा कामाला येणाऱ्या मावशींचे हात, अशी वाटणी मला योग्य वाटत नाही. गंमत म्हणजे नियम एवढा साफ ठरला की निम्म्या वस्तूंचा आग्रह आपोआप सुटतो, आणि ज्या उरतात त्या खरोखर जिवाच्या असतात.

वेगळ्या वाटेने आलेली दोन माणसं एका छताखाली किती मोकळेपणाने राहू शकतात, याचं एक उदाहरण मला फार प्रिय आहे. लॉस एंजलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९४९ साली स्वतःसाठी घर बांधलं. चार्ल्स वास्तुरचनेकडून आलेले, त्यांच्या पत्नी रे मुळात चित्रकार. घराचा सांगाडा कारखान्यात तयार मिळणाऱ्या पोलादी भागांचा, काटेकोर आणि काचेचा. आत मात्र शिंपले, टोपल्या, बाहुल्या, गालिचे, देशोदेशीची कापडं. सांगाड्याने सामानाला हाकललं नाही आणि सामानाने सांगाडा झाकला नाही. याच दोघांनी १९५८ साली भारत सरकारसाठी अहवाल लिहिला, त्यात आपल्या साध्या लोट्याचं मनापासून कौतुक केलं, आणि त्या अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. पोलादाच्या घरात राहणाऱ्यांना लोट्याचं सौंदर्य दिसलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

म्हणून माझं मत असं आहे की सरासरी काढू नये. एक भिंत खरोखर निळी करावी आणि बाकीच्या खरोखर पांढऱ्या ठेवाव्यात. रंग ठरवण्याआधी भिंतीवर दोन फुटांचा तुकडा रंगवून तो दुपारी आणि रात्री दिव्याखाली, दोन्ही वेळा दोघांनी बघावा. शेडकार्डावरचा रंग भिंतीवर हमखास वेगळा दिसतो. आणि एखादी वस्तू दुसऱ्याला रोज खुपत असेल, तर कारण न विचारता ती काढावी.

यंदा दिवाळीआधी रंगकाम काढणार असाल, तर रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी एक संध्याकाळ काढा. लहानपणीच्या घरातली कोणती वस्तू तुला अजून आठवते आणि कोणती पुन्हा कधीच नजरेला पडू नये असं वाटतं, हे दोन प्रश्न एकमेकांना विचारा. पहिल्या उत्तरातल्या वस्तूला माळ्यावर नको, आतल्या खोलीतही नको, बैठकीच्या खोलीत जागा द्या.