वाटा

गेली चाळीस वर्षे आमच्या घरात 'कोकणात जायचे' हे वाक्य दर उन्हाळ्यात एकदा तरी उच्चारले जाते आणि बहुधा तेवढ्यावरच थांबते. आमचे पूर्वज होळकरशाहीत माळव्यात आले, ते इंदूरचेच झाले. आडनावाच्या शेवटी 'कर' राहिला आणि त्याच्या आधी मालवणच्या किनाऱ्यावरचे एक गाव राहिले. त्या गावी आमचे घर नाही, जमीन नाही, ओळखीचे माणूस नाही. दारावरच्या पाटीवर मात्र ते रोज दिसते.

2024 च्या डिसेंबरात अखेर योग आला. मुलगा, सूनबाई, दहा वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे. मुलाने आचऱ्यात एका गृहस्थांच्या घरी राहण्याची सोय केली होती आणि दोन हजार रुपये आगाऊ पाठवले होते. निघण्याच्या काही दिवस आधी त्या यजमानांचा फोन आला. "काका, त्या दिसांत गावात कोण नसतलो. गावपळण आसा. तुमची सोय तारकर्लीक करतंय."

गावपळण म्हणजे काय, हे इकडच्या सर्वच वाचकांना ठाऊक असेल असे नाही. दर तीन-चार वर्षांनी आचऱ्याचे ग्रामस्थ तीन दिवस आणि तीन रात्रींसाठी घरेदारे बंद करून गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री यांच्यासह वेशीबाहेर पडतात आणि झोपड्या उभारून राहतात. गावात कोणीही मागे राहायचे नाही. तारीख पंचांगात छापलेली नसते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाल्यावर ती ठरते. परत जायचे तेही कौल घेऊनच, आणि कौल मिळाला नाही तर मुक्काम वाढतो.

हे सारे मला नंतर समजले. फोनवर मी समजून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मी महसूल खात्यात पस्तीस वर्षे काढलेला माणूस. आगाऊ रक्कम स्वीकारली म्हणजे बांधिलकी आली, अशा तऱ्हेचे काही मी बोललो. तक्रार कोठे करता येते हे मला ठाऊक आहे, असेही बोललो. सिंधुदुर्ग हा 1997 साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, याचीही मी त्यांना आठवण करून दिली, जणू त्या घोषणेने गावाच्या देवाचे वेळापत्रकही शासनाकडे वर्ग झाले होते. ते गृहस्थ शांतपणे ऐकून घेत राहिले. फोन ठेवल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "आपली रंगपंचमीची गेर कुणी रविवारी काढा म्हटले तर?" मी उत्तर दिले नाही.

तारकर्लीचे पहिले दोन दिवस जसे जायचे तसे गेले. मुलगा आणि सूनबाई समुद्राखालचे मासे पाहून आले, नातवाने सिंधुदुर्ग किल्ल्यावर महाराजांच्या हाताचा ठसा पाहिला, मी वाळूत खुर्ची टाकून बसलो. वर्णन करण्याजोगे त्यात काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीतून जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन बाजूंनी माणसे रांगेने उभी राहून ते ओढत आणतात. चाळीस-पन्नास माणसे सहज लागतात, काही तास जातात. दोर ओढणारा टाच वाळूत रोवून मागे मागे सरकतो, शेवटी पोहोचला की दोर सोडून पाण्याजवळ जातो आणि पुन्हा धरतो. बाजूला पर्यटकांची गर्दी होती. काही जण दोराला हात लावून छायाचित्र काढून घेत होते आणि लगेच सोडून देत होते. नातू मात्र एकदा रांगेत शिरला तो शेवटपर्यंत बाहेर आलाच नाही. त्याच्या ओढण्याने जाळे इंचभर तरी पुढे आले असेल का, शंकाच आहे. उलट पायात येत असेल.

जाळे फारसे भरले नव्हते. रापण आता पूर्वीसारखी लागत नाही. यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी यांनी मासा किनाऱ्यापर्यंत येण्याआधीच उचलला जातो, हे गाऱ्हाणे जुने आहे. 2016 साली शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले तरी ते संपलेले नाही. वाळूवरच मासळीचा लिलाव झाला. मग एक वयस्क मच्छीमार ओंजळभर तारल्या आणि दोन बांगडे घेऊन नातवाकडे आला. मी सवयीने खिशात हात घातला आणि शंभराची नोट पुढे केली. त्यांनी नोटेकडे पाहिलेही नाही. म्हणाले, "झिलान दोर ओढल्यान, तेचो वाटो तेका नको?"

नोट खिशात परत ठेवताना मला जो संकोच वाटला, त्याचा विचार मी अजून करतो आहे. महसुली व्यवहारात हक्क कागदावरून ठरतो: खसऱ्यात नाव आहे की नाही, एवढाच प्रश्न. येथे हक्क दोराला लागलेल्या हातावरून ठरला होता. पण मग मनात दुसरी बाजूही येते. पोराचे ते ओढणे हे खरोखर श्रम होते काय? ज्यांचे त्या दिवसाचे पोट त्या जाळ्यावर होते, त्यांच्या कष्टाचा आम्ही खेळ केला, असे का म्हणू नये? ज्याला मधेच सोडून जाण्याची मुभा आहे, त्याने दोर धरला आणि ज्याला नाही त्याने धरला, यांत फरक आहेच. त्या मच्छीमारालाही तो कळत असणार. तरीही त्यांनी बक्षीस म्हटले नाही, भेट म्हटले नाही, वाटा म्हटले. एवढ्या तुटपुंज्या मासळीतून त्यांनी पोराला वाटेकरी करून घेतले. नोट स्वीकारली असती तर आम्ही पुन्हा गिऱ्हाईक झालो असतो. मोठेपणा त्यांच्या बाजूने होता, आणि तो मला पैशाने फेडून टाकायचा होता.

मासे शिजवायचे कुठे? आमच्या निवासात बाहेरची मासळी चालत नव्हती. मुलाने यजमानांना फोन लावला. ते म्हणाले, घेऊन या. मला जाण्याची लाज वाटत होती, तरी पिशवीत बर्फ घालून तासाभराने आम्ही आचऱ्याच्या वेशीबाहेर पोहोचलो. झावळ्यांच्या झोपड्या, बांधलेली गुरे, चुलींचा धूर, मुलांचा गोंगाट. यजमानांनी चटई अंथरली. फोनवरच्या संभाषणाचा त्यांनी उल्लेख केला नाही, मीही धीर केला नाही. त्यांच्या पत्नीने तारल्यांचे तिखले केले.

काही पर्यटक गाडी थांबवून रिकाम्या गावाकडे जाणारा रस्ता विचारत होते. माझ्या मुलालाही ते पाहायचे होते. नातू म्हणाला, "पण तिथे कोणीच नाही, तर जायचे कुणाकडे?" आम्ही गेलो नाही. हे शहाणपण होते असा माझा दावा नाही. जेवण झाले होते आणि उन्हाने डोळे मिटत होते.

गावपळणीमागे आरोग्याचे कारण आहे, गावाची हवा शुद्ध होते, असे एक सुशिक्षित गृहस्थ तेथे मला समजावत होते. मला ते मागाहून जोडलेले वाटते. पण कारण न देताही गावाला 'आता येऊ नका' म्हणता आले पाहिजे, हे मी त्या चटईवर बसून मनात कबूल केले. दोन हजारांत मी खोली घेतली होती, गाव घेतले नव्हते.

निघताना यजमानांनी पाकीट पुढे केले. आत दोन हजार होते. राहू द्या म्हटले, तर म्हणाले, खोली दिलीच नाही. मी ते घेतले. मघाची क्षमा मागायची तेव्हाही राहून गेली. इंदूरहून पत्र लिहिले आहे, उत्तर आलेले नाही.

आमच्या आडनावातले गाव त्याच वाटेवर, एका फाट्यावर आत होते. पाटी दिसली. मुलाने गाडी हळू करून माझ्याकडे पाहिले. तिथे आम्ही कोणाकडे जाणार होतो? मी म्हटले, कणकवलीला गाडीची वेळ होत आली आहे, चल.