वाटेची जोखीम आणि तिचे मोल

परमुलखात जाणाऱ्याला पैशाच्या दोन अडचणी असतात. जवळची रक्कम वाटेत लुटली जाण्याची भीती असते, आणि घरचे नाणे तिथल्या बाजारात चालत नाही. यावरचे उपायही तितकेच जुने आहेत: सराफ नाणे बदलून देतो, पेढी चिठ्ठी लिहून देते. दोघेही त्याचे दाम घेतात. हे दाम कष्टांचे, जोखमीचे, की उसन्या पैशावरचे छुपे व्याज, हा प्रश्न व्याज निषिद्ध मानणाऱ्या धर्मांना टाळता आला नाही. त्यांच्या शास्त्रांत त्यावर जो खल झाला तो केवळ व्यापाऱ्यांसाठी नव्हता. यात्रेकरूची कमरेची थैलीही त्यात होती.

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात दूर राहणाऱ्या भाविकासाठी सोय सांगितली आहे. धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा दशमांश यरुशलेमपर्यंत वाहून नेणे शक्य नसेल, तर त्याने तो विकावा, रुपे गाठीला बांधून घेऊन जावे आणि तिथे पोचल्यावर हवे ते विकत घेऊन देवासमोर खावे. धान्याचे पावित्र्य इथे पैशात उतरते. ते कोणत्या पैशात उतरू शकते, हे मिश्ना या यहुदी विधिसंग्रहाने काटेकोरपणे ठरवले: छाप नसलेल्या चकतीत नाही, चलनातून गेलेल्या नाण्यात नाही आणि जो पैसा हाताशी नाही त्यातही नाही. वस्तू कितीही पवित्र असो, तिची जागा घेणारे नाणे बाजारात खरोखर चालले पाहिजे.

यरुशलेमच्या मंदिराचा वार्षिक अर्धा शेकेल भरतानाही हीच दृष्टी दिसते. त्यासाठी सोर शहराचे रुप्याचे नाणे घेतले जाई. त्याच्या एका बाजूला मेलकार्त या परक्या देवाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला गरुड. मूर्तीला कडवा विरोध असलेल्या धर्माने हे नाणे पत्करले, कारण त्यातले रुपे नव्वद टक्क्यांहून शुद्ध होते. अदार महिन्याच्या 15 तारखेला गावोगावी आणि 25 तारखेला खुद्द मंदिरात सराफांची मेजे लागत. नाणेबदलीपोटी ‘कोलबोन’ नावाची लहानशी भर द्यावी लागे. ती कोणाची, यावर यरुशलेम तालमूद या मिश्नावरील भाष्यात एकमत नाही. कोणी ती मंदिराच्या निधीत घालतो, कोणी सराफाची मजुरी मानतो, कोणी तिला वाटखर्च म्हणतो. हा मतभेद किरकोळ नाही. रक्कम तीच असली तरी मजुरी म्हटली की ती न्याय्य ठरते, आणि देवाच्या दारी उकळलेला नफा म्हटली की अन्याय. येशूने सराफांची मेजे उलथल्याचा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्यातील रोषाचा रोख कळतो.

ख्रिस्ती चर्चने पुढे जोखमीचे दाम जवळजवळ नाकारलेच. पोप नववा ग्रेगरी याच्या 1234 च्या आज्ञासंग्रहात, समुद्रपार किंवा जत्रेला जाणाऱ्यास कर्ज देऊन, धोका आपण पत्करला या सबबीवर मुद्दलाहून जास्त घेणाऱ्याला व्याजखोर ठरवले आहे. व्यापार त्यामुळे थांबला नाही. तो हुंडीसारख्या विनिमयपत्रांकडे वळला. एका शहरात एक नाणे भरायचे, दुसऱ्या शहरात दुसरे उचलायचे. कायेतान या धर्मपंडिताने 1499 मध्ये या व्यवहारावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याचा खरा प्रकार वैध मानला. पाचव्या पायसने 1571 मध्ये त्याचा नुसता देखावा, म्हणजे दुसऱ्या गावाचे नाव घालून केलेले कर्ज, निषिद्ध ठरवला. पैसा खरोखर एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवायचा होता की नाही, ही कसोटी झाली. ती योग्यच होती.

इस्लामी शास्त्रात सोन्याबदली सोने आणि रुप्याबदली रुपे सारख्याच वजनाने व हातोहात द्यावे असा दंडक आहे. धातू वेगळे असतील तर भाव मोकळा, पण देणेघेणे तिथल्या तिथेच. प्रवाशाच्या चिठ्ठीला ‘सुफ्तजा’ म्हणत. एका गावी रक्कम उसनी म्हणून द्यायची आणि दुसऱ्या गावी परत घ्यायची. हनफी या विधिपंथाच्या पंडितांनी ती नापसंत केली, कारण उसने देणाऱ्याला वाटेच्या धोक्यापासून सुटका मिळते, आणि कर्जातून मिळणारा कोणताही लाभ व्याजासारखाच. 1328 मध्ये निवर्तलेल्या इब्न तैमियाने मात्र ती वैध ठरवली. त्याचा युक्तिवाद असा की इथे लाभ दोघांचा आहे आणि हानी कोणाचीच नाही. या सगळ्या वादातले हे सर्वांत उमदे उत्तर म्हणावे लागेल. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचे शोषण, हे गृहीतच त्याने नाकारले.

हिंदू धर्मशास्त्राची वाट निराळी. याज्ञवल्क्यस्मृतीत तारणाच्या कर्जाला दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, व्याज सांगितले आहे. पण रानावनातून जाणाऱ्या ऋणकोने शेकडा 10 आणि समुद्रावर जाणाऱ्याने शेकडा 20 द्यावेत असा नियम आहे. मुद्दलच बुडण्याचे भय आहे, हे कारण या स्मृतीवरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वर स्पष्ट करतो. ही जोखीम धनकोच्या माथी असते, म्हणून तिचे मोल उघडपणे लावले जाते. तीच विचारसरणी पुढे हुंडीच्या व्यवहारात दिसते. माल सुखरूप पोचला तरच जिचे पैसे द्यायचे अशी ‘जोखमी हुंडी’ होती, आणि साध्या दर्शनी हुंडीवर ‘हुंडणावळ’ आकारली जाई. पुण्याहून काशीला रक्कम पोचवण्याचा हा नेहमीचा मार्ग होता. जुनागडच्या नरसी मेहतांनी द्वारकेच्या यात्रेकरूंना शामळशा शेठच्या नावे लिहून दिलेली 700 रुपयांची हुंडी महिपतीच्या ‘भक्तविजया’मुळे मराठी घरांत पोचली. कृष्णाने शामळशाच्या रूपात ती वटवली, हा त्या कथेतला चमत्कार हुंडीच्या रीतीवरच उभा आहे: नाणी जागची हलत नाहीत, प्रवास करते ती पत.

कागदी चलन आल्यावर जुने दंडक नव्याने लावावे लागले. इस्लामी राष्ट्रांच्या फिक्ह (विधिशास्त्र) अकादमीने 1986 मध्ये अम्मान येथे प्रत्येक देशाचे कागदी चलन सोन्यारुप्यासारखेच स्वतंत्र चलन मानले. त्यामुळे हजला निघालेल्याने रुपये देऊन रियाल घेताना भाव कितीही असू शकतो, पण दोन्ही रकमा त्याच वेळी हाती पडल्या पाहिजेत. बँकेच्या खात्यातली नोंद म्हणजे ताबा काय, या शंकेवर त्याच अकादमीने 1990 मध्ये जेद्दा येथे होकार दिला. त्यामुळे रियाल भरलेले प्रीपेड कार्ड या दंडकात बसते. आजच भाव ठरवून दोन्ही रकमा महिन्याने द्यायच्याघ्यायच्या असा करार मात्र बहुतेक पंडित आजही अमान्य करतात.