साहेब, देव आणि ड्रायव्हरचा पाय

हिंगोलीचा दसरा नामांकित. त्या दिवशी स्कूलबसलाही झेंडूचा हार मिळतो अन् चाकाखाली लिंबू. २०११ च्या नियमांनी प्रथमोपचार पेटी, अग्निशामक वगैरे बजावलं आहेच. शिवाय आठ वर्षांवरच्या गाडीला दरसाल फिटनेसचा दाखला. म्हणजे साहेब वर्षातून एकदा, देव एकदा! उरलेल्या ३६३ दिवसांचं काय?

औंढ्याच्या वाटेवर ब्रेकचं पेडल स्पंजासारखं लागलं, म्हणजे बहुधा नळीत हवा शिरली, हे फक्त ड्रायव्हरच्या पायाला कळतं. मागे पोरं गाणी म्हणत असतात. कळूनही तसंच दामटणं आळस की पाप? मला विचाराल तर, जे एकट्यालाच कळतं, तिथं आळसाचंच नाव पाप. लिंबाला बोल लावू नये. ते बिचारं वर्षातून एकदाच, पण मनापासून चिरडून घेतं!